घाईत निवलेली काच

आमच्या घरात तीन पिढ्यांनी बांगड्या विकल्या. आम्ही मन्यार. माझ्या पिढीत मी बी.ए. झालो, कविता लिहू लागलो आणि बांगड्यांची पेटी माळ्यावर गेली. पण काचेशी असलेलं नातं काही सुटलं नाही. आजही कुठे काच किणकिणली की मान आपोआप तिकडे वळते.

मन्याराच्या घरात एक शब्द उच्चारायचा नसतो. बांगडी ‘फुटली’ म्हणायचं नाही, ‘वाढवली’ म्हणायचं. हा शब्द मराठी बायकांचा, पण आमच्या दादीच्या तोंडातही तोच बसला होता. ती घरात दखनी बोलायची आणि गावात मराठी. ‘फुटणं’ दोन्हीकडे वर्ज्य होतं. ज्या वस्तूचा स्वभावच फुटण्याचा, तिच्या धंद्यात नेमका तोच शब्द टाळायचा, याची मला लहानपणी गंमत वाटे. त्यामागे किती धास्ती असते, हे एका प्रसंगाने कळलं.

मी सात-आठ वर्षांचा असेन. शेजारच्या गावात एका घरी नवी सून आली होती. तिचा लग्नाचा हिरवा चुडा दादीने भरला होता. चौथ्या की पाचव्या दिवशी ती ओसरीवर तांदूळ निवडत बसली असताना, हाताला काही लागलेलं नसताना, ‘टिच्’ असा आवाज झाला आणि एक बांगडी आपोआप तडकली. संध्याकाळी दुसरी. दुसऱ्या दिवशी तिसरी. त्याच आठवड्यात त्या घरातल्या थोरल्या आजीने अंथरूण धरलं. मग काय विचारता! सून पांढऱ्या पायाची, तिच्या हातात चुडा टिकत नाही, ही बोलणी पाणवठ्यावरून आठवडे बाजारापर्यंत आली.

बाजारात ती दादीच्या कानावर गेली. दादीने मांडलेलं दुकान चुलत्यांच्या हवाली केलं आणि माझं बोट धरून ती त्या घरी गेली. ओसरीवर बसली, पाणी प्यायली आणि चार बायकांसमोर म्हणाली, “पोरीला नावं ठेवू नका गं बायांनो. माल माझा खराब निघाला. काच घाईत निवलेली हाय. पारखायला मीच चुकले.” मग तिने त्या मुलीच्या हातात नवा डझन भरला. पैसे घेतले नाहीत.

रात्री घरी आजोबा भडकले. आपल्याच तोंडाने आपला माल खराब म्हणणारी मन्यारीण त्यांनी पाहिली नव्हती. दादी एवढंच म्हणाली, “माल दुसरा आता. छोरी का नाव गया तो फिर कहाँ से लाना?”

‘काच घाईत निवलेली हाय.’ हे वाक्य पुढे माझ्या मनात वर्षानुवर्षं राहिलं. दादीला अक्षरओळख नव्हती. सुनेला वाचवण्यासाठी तिने वेळ मारून नेली, की खरंच काही ठाऊक असल्यामुळे ती तसं बोलली? मी शास्त्राचा विद्यार्थी नव्हे. पण सवडीने वाचत गेलो, जाणकारांना विचारत गेलो, आणि लक्षात आलं, की दादीच्या त्या एका वाक्याभोवती साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे. तोच आज सांगायचा आहे.

सुरुवात होते लंडनमध्ये. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स इंग्लंडच्या गादीवर परतला. त्याच सुमारास त्याचा नातलग प्रिन्स रूपर्ट याच्यामुळे तिथे एक नवलाची वस्तू पोचली. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात टाकला, की त्याचा बेडूकमाशासारखा आकार होतो. पुढे गोल डोकं आणि मागे बारीक शेपटी. डोक्यावर हातोडा मारा, थेंब फुटत नाही. शेपटीचं टोक मात्र नुसतं चिमटीने मोडा, सगळा थेंब पिठासारखा उधळतो. राजाने हे थेंब नुकत्याच स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीकडे तपासायला दिले. १६६५ मध्ये रॉबर्ट हूक याने आपल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात त्यांच्यावर विस्ताराने लिहिलं. थेंबाचं बाहेरचं कवच आधी घट्ट होतं आणि आतला भाग मागाहून, यातच सारी मेख आहे, हे त्याने ताडलं होतं.

गोष्ट अशी घडते. पाण्यात पडताच थेंबाची कातडी झटकन निवते आणि कडक होते. आतली काच अजून तापलेली असते. ती सावकाश निवते, आकसू पाहते, पण बाहेरचं कवच तिला आकसू देत नाही. मग आतली काच कायमची ताणलेली राहते आणि बाहेरची कायमची दाबलेली. दाबलेल्या काचेत चीर पडत नाही, म्हणून डोकं हातोडा सोसतं. शेपटीतून चीर एकदा आतल्या ताणलेल्या भागात शिरली, की सगळा साठलेला ताण एका क्षणात मोकळा होतो. हे थेंब इतके हट्टी, की त्यांच्या पृष्ठभागावरचा दाब नेमका किती, हे नीट मोजून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. तो निघाला सुमारे सातशे मेगापास्कल, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या हवेच्या दाबाच्या जवळजवळ सात हजार पट!

काच तीच, भट्टी तीच. सावकाश निववली असती तर साधी गोटी झाली असती. घाईने निववली म्हणून तिच्यात हे भांडण कोंडलं गेलं.

ही घाई कामाला लावायची कल्पना १८७४ मध्ये फ्रान्समधल्या द ला बास्ती नावाच्या गृहस्थांनी काढली. तापलेली काच तेलात बुडवून त्यांनी ‘न फुटणारे’ पेले केले. पेले खरोखर मजबूत होते. जमिनीवर पडून टिकत. पण त्यांतले काही, कुणी हात न लावता, टेबलावर ठेवल्या ठेवल्या फुटत. लोक घाबरले आणि त्या पेल्यांचं नाव खराब झालं. हे वाचताना मला ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली ती मुलगी आठवली. हजारो मैलांवर, शंभर वर्षं आधी, काच तशीच आपोआप फुटली होती. फरक इतकाच, की तिथे पेला बनवणाऱ्याला दोष दिला गेला आणि इथे सुनेला. आज मोटारीच्या आणि दुकानांच्या दारांच्या काचा याच तत्त्वावर, पण काटेकोर मापाने कडक केल्या जातात.

आपल्याकडेही ही विद्या कारखान्यांना शिकावी लागली. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये तळेगावला सुरू झाला. पुढे कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघरी पोचला. कंदिलाची काच म्हणजे या विद्येची रोजची परीक्षा. आतून ज्योत, बाहेरून पावसाचा थेंब. काच घडवली की ती लगेच बाहेर काढायची नाही. दुसऱ्या, मंद भट्टीत ठेवून तिला सावकाश निवू द्यायचं, हा काचकामाचा मोठा नियम. घडवणं मिनिटांचं आणि निववणं तासांचं. घाईचा मोह होतो तो इथेच, कारण निवणारी काच नुसती जागा अडवते.

इथवर गोष्ट ताणाची झाली. पण घाई आणि सबुरी यांचा ठसा त्याहून खोल, थेट काचेच्या अणूंपर्यंत उमटतो. त्याची पहिली चाहूल लागली एका थर्मामीटरमुळे.

मँचेस्टरजवळ जेम्स जूल नावाचे शास्त्रज्ञ होते. घरचा धंदा बिअर बनवण्याचा आणि नाद उष्णता मोजण्याचा. शाळेत ऊर्जेचं एकक म्हणून आपण ज्यांचं नाव शिकलो, तेच हे जूल. थर्मामीटर वितळत्या बर्फात ठेवला, की पारा ठरावीक खुणेवर यायला हवा. जूल यांच्या लक्षात आलं, की त्यांच्या थर्मामीटरमधली ही खूण वर सरकते आहे. बर्फ बदलत नाही आणि पारा बदलत नाही, म्हणजे बदलते आहे ती काच. पाऱ्याची काचेची कुपी हळूहळू आकसत होती आणि पाऱ्याला वर ढकलत होती. जूल यांनी १८४४ पासून १८८२ पर्यंत, तब्बल अडतीस वर्षं, या एकाच थर्मामीटरची नोंद ठेवली. सुरुवातीला खूण भरभर सरकली आणि मग हळूहळू. सगळं मिळून फरक पडला तो सुमारे एक अंश फॅरनहाइटचा. कारागिराच्या हातून निघाल्यावर अडतीस वर्षांनीही ती काच आपलं निवणं पुरं करत होती. माणसाच्या सबुरीची आणि काचेच्या सबुरीची अशी जुगलबंदी मी दुसरी वाचलेली नाही.

थर्मामीटरच असा चळला तर विज्ञानाने भरवसा कशावर ठेवायचा? जर्मनीतल्या येना गावी ओटो शॉट आणि एर्न्स्ट अ‍ॅबे यांनी १८८४ मध्ये काचेची प्रयोगशाळा काढली. तिथे या दुखण्यावर उपाय शोधला गेला. काचेत सोडा आणि पोटॅश दोन्ही भरपूर असले तर खूण जास्त सरकते, एकच वापरला तर कमी, हे ध्यानात घेऊन त्यांनी थर्मामीटरसाठी खास काच बनवली. म्हणजे काच कशाची केली हे महत्त्वाचं आहेच. पण ती कशी निवली, हा प्रश्न उरलाच.

त्याचं चित्र डोळ्यांपुढे आलं १९३२ मध्ये. नॉर्वेत जन्मलेले, शिकागोत काम करणारे झाकरियासेन तेव्हा अवघे सव्वीस वर्षांचे होते. काचेतली अणूंची मांडणी कशी असते याबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच ठाऊक नाही, अशी कबुली देऊनच त्यांनी आपल्या निबंधाची सुरुवात केली. मग मांडलं ते असं. गारगोटीत प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात आणि ही चौकडी ओळीने, कवायतीच्या शिस्तीत उभी असते. काचेतही तीच चौकडी असते, शेजाऱ्याचा हातही तिने धरलेला असतो, पण ओळ मोडलेली असते. कोन कुठे जास्त, कुठे कमी. जाळं अखंड, पण वेडंवाकडं. थोड्याच वर्षांत अमेरिकेत वॉरेन यांनी क्ष-किरणांनी काच तपासली, तेव्हा या चित्राला आधार मिळाला.

आता निवण्याचा संबंध पाहा. भरलेली एसटी आठवा. लोक चढतात आणि वाट्टेल तसे उभे राहतात. कंडक्टर “मागं सरका, मागं सरका” म्हणत राहिला, गाडीने चार धक्के दिले, की तेवढ्याच जागेत आणखी पाच-सहा जण मावतात. वितळलेल्या काचेतले अणू असेच सरकत, जागा शोधत असतात. काच निवत जाते तशी ती घट्ट होते, आणि एक क्षण असा येतो, की कुणालाच हलता येत नाही. सावकाश निववली तर सरकायला वेळ मिळतो आणि मांडणी दाट बसते. घाई केली तर जो जिथे, तो तिथे अडकतो, मध्ये मोकळ्या जागा राहतात. सिलिकॉनभोवतीची चौकडी दोन्हीकडे तीच. बदलतात ते चौकड्यांमधले कोन आणि मोकळ्या जागा. म्हणून एकाच घाणातली खिडकीची किंवा भिंगाची काच सावकाश निवली तर थोडी जड भरते आणि प्रकाशाला थोडी जास्त वाकवते. शुद्ध वाळूची काच मात्र याबाबत उलटी वागते. घाईत निवली तर तीच दाट होते! अपवाद नाही असं घर कुठे असतं?

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. युरोपातल्या जुन्या चर्चच्या खिडक्यांच्या काचा खाली जाड असतात, कारण काच शतकानुशतकं वाहत असते, असं सांगतात. ते खरं नाही. त्या काळी काच सपाट करण्याच्या पद्धतीमुळेच तिची जाडी कमीजास्त होत असे. जूल यांची कुपी आकसली, ओघळली नाही.

सबुरीची सर्वांत मोठी कसोटी लागली ती अमेरिकेतल्या कॉर्निंग गावी. कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरावरच्या दुर्बिणीसाठी दोनशे इंच व्यासाचा, म्हणजे पाच मीटरहून रुंद आरसा हवा होता. मार्च १९३४ मधला पहिला ओतीव प्रयत्न बिघडला. साच्याचे आतले ठोकळे सुटून तापल्या काचेवर तरंगू लागले. २ डिसेंबर १९३४ रोजी दुसरी तबकडी ओतली गेली. वजन सुमारे वीस टन. मग सुरू झालं निववणं. दिवसाला एका अंशाहूनही कमी, असं सुमारे दहा महिने! १९३५ च्या जुलैत नदीला पूर आला, तीन दिवस वीज गेली, तापमान राखणारी यंत्रणा बंद पडली. तरी तबकडी टिकली. १९३६ मध्ये ती आगगाडीने, सावकाश, देशाच्या दुसऱ्या टोकाला गेली. मध्ये महायुद्ध झालं. १९४८ मध्ये दुर्बिणीचं उद्घाटन झालं. दूरदूरच्या दीर्घिका दाखवणाऱ्या त्या आरशामागे एका भट्टीची दहा महिन्यांची सबुरी आहे.

या साऱ्याला एक सुंदर नाव मिळालं ते १९४६ मध्ये. वॉशिंग्टनच्या सरकारी प्रयोगशाळेत आर्थर टूल यांनी म्हटलं, की काचेच्या प्रत्येक तुकड्याला दोन तापमानं असतात. एक आजचं, हाताला लागणारं. दुसरं ‘काल्पनिक’, म्हणजे ज्या तापमानाला त्यातले अणू अखेरचे हलू शकले, ते. घाईत निवलेल्या काचेचं हे दुसरं तापमान जास्त असतं आणि सावकाश निवलेल्या काचेचं कमी. टेबलावरचा थंडगार पेला असा अंगात एक जुनी आग जपून असतो. शास्त्रज्ञांना ही कल्पना सुचली याचा मला, कवी म्हणून, थोडा हेवा वाटतो.

आणि काच व्हायला वितळावंच लागतं, असंही नाही. त्याचा पुरावा आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद. आकाशातून आलेल्या दगडाच्या आघाताने आपल्या काळ्या पाषाणात ते पडलं. त्या पाषाणात फेल्डस्पार नावाचं खनिज असतं. आघाताच्या धक्क्याने त्यातल्या काही स्फटिकांची आतली शिस्त क्षणात मोडली आणि ते न वितळता काच झाले. बाहेरून आकार स्फटिकाचा, आतून काच! अशा काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात. ती प्रथम ओळखली गेली तीही भारतात पडलेल्या दगडात. १८६५ मध्ये बिहारात गयेजवळच्या शेरघाटीला पडलेल्या त्या उल्केतून १८७२ मध्ये व्हिएन्नाच्या चेरमाक यांनी तिचं वर्णन केलं. पुढे १९७३ मध्ये, लोणार हे आघाताचंच विवर आहे हे मांडताना, भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी तिथल्या दगडातल्या या काचेचा पुरावा दिला. लोणारला वितळून झालेल्या काचेचे बारीक मणीही सापडतात. एकाच पाषाणातून आगीनेही काच झाली आणि धक्क्यानेही. घटक तेच असले तरी धक्क्याची काच वितळलेल्या काचेपेक्षा दाट असते. तिच्यावर काय गुजरलं, हे ती अणूंच्या मांडणीतून सांगते.

आता पुन्हा त्या ओसरीवर येतो. काचेची बांगडी अखंड कडं म्हणून जन्मत नाही. फिरोजाबादला भट्टीतून काढलेली काचेची तार फिरत्या दांड्यावर गुंडाळतात. तिचं वेटोळं कापतात आणि प्रत्येक बांगडीची दोन टोकं ज्योतीवर धरून सांधतात. मग त्या बांगड्या पुन्हा भाजायच्या आणि सावकाश निववायच्या. हे शेवटचं काम घाईत उरकलं, तर सांध्यापाशी ताण राहतो. डोळ्यांना तो दिसत नाही. तिथे एखादी केसाहून बारीक चीर असेल, तर हवेतला आणि पाण्यातला ओलावा तिला दिवसेंदिवस वाढवत नेतो. मग एका दुपारी, कुणी हात न लावता, ‘टिच्’. चार दिवसांनी का, तेही यातून उलगडतं. दादीने वेळ मारून नेली नव्हती. हातात हजारो बांगड्या घेऊन, त्यांचा आवाज ऐकून, सांध्यावरून बोट फिरवून तिला जे कळलं होतं, तेच ती बोलली होती.

तरी त्या दिवशी सगळ्यांना ते पटलं, असं नाही. त्या घराने पुढे आमच्याकडून बांगड्या घेतल्या नाहीत. खराब माल देणारी म्हणून दादीचं आणखी दोन-तीन घरांचं गिऱ्हाईक गेलं. आजोबांचा हिशेब बरोबर ठरला. ती सून मात्र दरवर्षी श्रावणात बाजाराच्या दिवशी एकटीच यायची, दादीसमोर बसायची आणि मुकाट्याने हात पुढे करायची. दादी तिच्यासाठी बांगड्या वेगळ्या काढून ठेवायची. एकेक बांगडी कानाशी नेऊन नखाने वाजवायची आणि मगच भरायची.

मी शेजारी बसून ते बघायचो. दादी काय ऐकते, हे तेव्हा मला कळत नव्हतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)